बळीराम आणि कम्प्युटरमधली ढोलकी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. वावरातून चालत आलं की धोतराला कुसळं लागलेली असतात, तसे ते लागतात. घरी येऊन बसल्यावर कळतं. आमच्या गायन पार्टीचे तर एवढे लागले आहेत की काढता काढता सांज होते.

पार्टी म्हणजे आम्ही तिघंच. सेलूच्या आमच्या वस्तीत केसरबाई भीमगीतं गाते, बळीराम ढोलकी वाजवतो, आणि मी कीबोर्ड. शाळेत मी गेलो नाही. बोटं तेवढी शिकली. कीबोर्डही आता म्हातारा झाला. त्याच्या दोन पट्ट्या दाबल्या की आधी विचार करतात, मग वाजतात.

यंदा केसरबाई म्हणाली, "भाऊ, गळा आहे तोवर गाणे रेकॉर्डात भरून ठेवा."

गल्लीत लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणारी संगीताताई आहे, तिच्याकडे कम्प्युटर. कीबोर्ड त्याला जोडायचं ठरलं. ताई हौसेनं तयार झाली, आणि सहज बोलून गेली, "काका, याच्यात ढोलकीबी आहे!"

बळीरामच्या हातातला चहाचा कप तोंडाजवळ जाऊन थांबला. सारी उमर आमच्यासंग ढोलकी वाजवली त्यानं.

"मंग मी काय करू?" तो म्हणाला. "सतरंज्या झटकू?"

*

कीबोर्डच्या मागं पाच टाचण्यांची गोल भोकं आहेत. त्यात बसणारी वायर सेलूत मिळेना. ताई म्हणाली, वर्ध्याला फोटो घेऊन जा. मला फोटोचा भरवसा नाही. कीबोर्डच गोधडीत गुंडाळला आणि बळीरामला घेऊन एसटीत बसलो.

कंडक्टर आला. "बाबा, तीन जणाची जागा अडवली तुमी. उभं करा न त्याले!"

मी उभा करायला लागलो, तर बळीरामनं माझा हात धरला. "उभा नोको करू दादा! सारे सूर खाली जमा होतीन!"

कंडक्टरनं जरा विचार केला. मग मागच्यांना म्हणाला, "सरका हो तिकडं. राहू द्या आडवंच!"

*

वायर मिळाली. तिच्या एका टोकाला दोन गोल तोंडं. एकावर इंग्रजीत 'आत' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'बाहेर'. कीबोर्डच्या भोकांवरही तसंच. ताईनं वाचून नीट आतमध्ये 'आत' लावलं, बाहेरमध्ये 'बाहेर'.

कम्प्युटर मुका!

दोन दिवस ताई कम्प्युटरवर चिडत होती. मी नुसता बसून पाहत होतो. घाई मला जमत नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "ताई, तुह्या पाइपातलं पाणी माह्या पाइपात शिरलं पाह्यजे न? दोघंबी पाणी सोडूनच राह्यले, तर घेईन कोण?"

तिनं तोंडं उलटी लावली. लागला कम्प्युटर बोलायला!

"काका, तुमी कुठं शिकले हे?"

"वावरात," बळीराम मधेच म्हणाला. "पाणी वळवता वळवता!"

*

कीबोर्ड रेकॉर्ड करायचा दिवस ठरला. ताईनं कम्प्युटर केसरबाईच्या घरी आणून मांडला. बळीराम म्हणाला, "ढोलकी नाई तर नाई. शांतता तरी मी सांभाळतो."

आणि सांभाळली! पिठाची चक्की बंद करायला लावली. शेळी दोन घरं पलीकडं नेऊन बांधली. केसरबाईच्या सुनेला कुकर चुलीवरून उतरवायला लावला. चक्कीवाला दळणाच्या गिऱ्हाइकांसकट ओट्यावर तोंड मिटून बसला. मी अख्खं गाणं वाजवलं. सुई पडली असती तर ऐकू आली असती.

संपल्यावर ताई म्हणाली, "बळीरामकाका, एवढं काऊन केलं? वायरीतून फक्त कोणती पट्टी दाबली तेवढंच जाते. बाहेरचं याले ऐकूच येत नाई."

ओट्यावरून चक्कीवाल्यानं बळीरामकडं पाहिलं. त्या नजरेत कमीत कमी पायलीभर शिव्या होत्या.

बळीराम हळूच म्हणाला, "मंग मी श्वास कायच्यासाठी धरून बसलो होतो?"

*

आता भरलेलं ऐकायचं होतं. ताईनं बटण दाबलं. मी वाजवलं होतं हार्मोनियमच्या आवाजात. कम्प्युटरमधून निघाली धडाड धूम, टण टण, धडाड! अख्खं गाणं ढोलताशात!

बळीराम पांढराफटक पडला. "पाहा! यानं तर दादाचीबी ढोलकी करून टाकली! उद्या केसरबाईचीबी करते!"

"मले हात तर लावून पाहू दे त्याले!" केसरबाई म्हणाली.

ताई हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. कोणत्या वाद्यात वाजवायचं ते कम्प्युटरला सांगायचंच राहून गेलं होतं. तिनं सांगितलं, आणि सूर ठिकाणावर आले. बळीराम नाही आला.

*

शेवटी केसरबाईचा आवाज भरायचा होता. माझा कीबोर्ड आधीच आत गेलेला, खाली कम्प्युटरची ढोलकी. ठोका असा की घड्याळानं शिकावं. बळीराम दाराशी बसला होता, ढोलकी गवसणीत घालून. मी त्याच्याकडं पाहायचं टाळलं.

केसरबाईनं डोळे मिटून सुरुवात केली. पहिलं कडवं सुरेख झालं. दुसऱ्या कडव्यात शेजारची वच्छलाबाई विरजणासाठी वाटी घेऊन दारात आली.

आता केसरबाईची सवय अशी, की गाणं कितीही रंगात असो, कोणी आलं की ती थांबते, हात जोडते, बसायला जागा दाखवते, आणि मग उरलेली ओळ उचलते. तोवर बळीराम ढोलकी तिथंच घोळवत ठेवतो. मांडवात कोणाला कधी खटकलं नाही.

केसरबाई थांबली. "या वच्छलाबाई, जय भीम! बसा न, इथं सतरंजीवर बसा. लेक आली काय माहेरी? बरी आहे न?"

वच्छलाबाई बसली. लेक बरी होती. केसरबाईनं हात सोडले, ओळ उचलली, आणि पाहते तर काय, ढोलकी तिसरं कडवंही संपवून शेवटच्या ठोक्यावर! धा! गाणं खतम.

केसरबाई त्या कम्प्युटरकडं बराच वेळ पाहत राहिली. मग दाराकडं वळली.

"बळीराम, काढ रे ढोलकी. याले घरी आलेले माणसं दिसत नाई!"