पानावरून उठण्याची रीत

रागावला की पुरुषाने जेवणाच्या पानावरून उठायचं, ही आमच्या धारगळच्या घरातली रीत. आजोबा उठायचे, बाबा उठायचे, आणि नोकरी लागल्यावर दादाही उठायला शिकला. कारण कसलंही चालायचं. सोलकढीत मीठ कमी पडलं, नाहीतर गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची माटोळी वाकडी बांधली गेली. मग उठलेला माणूस अंगणात जाऊन बसणार, आई त्याच्या विनवण्या करणार, आणि तो जेवेपर्यंत घरातली एकही बाई अन्नाला शिवणार नाही. राग त्यांचा, उपास आमचा! आजही आठवलं की डोकं फिरतं.

गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, हे आंदोलन पेटलं त्या वर्षीची गणपतीची चवथ. वहिनीला सातवा महिना होता. थोड्याच दिवसांपूर्वी ती उपाशीपोटी चक्कर येऊन पडली होती, आणि हिला वेळच्या वेळी खायला घाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांनी आणि दादाने चांगल्या माना डोलावल्या होत्या.

पहिला भात संपायच्या आत भाषेवरून दोघांची जुंपली. बाबा मराठी शाळेतले मास्तर, दादा कट्टर कोकणीवाला. भांडत होते मात्र दोघेही आमच्या पेडणे तालुक्याच्या एकाच बोलीत, आणि एकाचं दुसऱ्याला सगळं नीट कळत होतं.

"माका नाका जेवण!" म्हणत बाबा उठले. पाठोपाठ दादा. खतखतं, पातोळ्या, सगळं पानांवर तसंच.

आई हात पुसत मनधरणीला निघाली. वहिनी खांबाला टेकून उभी होती, तिचे ओठ पांढरे पडले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आईचा हात धरला.

"आये, खंय जातंस? आधी हिका वाढ."

"तुजो बापूस उपाशी आसा."

"आसूं दी!"

आई घुटमळली. तेवढ्यात, लग्न होऊन आल्यापासून जिने सासूसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं ती वहिनी म्हणाली, "माका भूक लागल्या."

मग बाबांची आणि दादाची पानं उचलून आई मागच्या दाराने बाहेर गेली, रिकाम्या हातांनी परत आली, आणि आम्हा तिघींची पानं मांडून आमच्याबरोबर जेवायला बसली. बाबांच्या आधी जेवताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

विनवायला कोणी येईना, तेव्हा बाबाच दारात आले.

"माजा पान खंय?"

"गोरवांक घातलंय," आई म्हणाली आणि वहिनीला आणखी एक पातोळी वाढली.

बाबा कोयता घेऊन नवं पान कापायला केळीकडे निघाले. अंगणातून दादाचा आवाज आला, "माकाय एक हाडा!" शहाणपण सुचायला यांची पानं गुरांनी खावी लागली.

पुढच्या चवथीपर्यंत गोवा राज्य झालं होतं. वाद मात्र तोच. दोघे तावातावाने भांडले, आणि पान स्वच्छ करून मगच उठले.