वाटीबाहेरचा भात

बाबांना साखरेचा आजार निघाला तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, भात खायचाच असेल तर बिनपॉलिशचा, आणि तोही दुपारी एकच वाटी. आईनं ते देवाच्या आज्ञेसारखं पाळलं. वाटी भरली की ती बोटानं काठ सारखा करायची, वर शीत राहू द्यायची नाही. "हा भात हाये का कोंडा?" म्हणत बाबा कसाबसा संपवायचे.

बाबा कळंबजवळच्या एका जिनिंगमध्ये मेकॅनिक होते. त्या वर्षांत कापूस येईनासा झाला, सरकी काढायची यंत्रं आठवडेच्या आठवडे बंद राहायची आणि बाबा घरी. हाताला काम नसलेला माणूस दिवसभर स्वयंपाकघराकडे बघत बसतो, हे मी तेव्हा शिकले.

तो तपकिरी तांदूळ शिजता शिजत नसे. एका वाटीसाठी एवढा गॅस जाळणं आईच्या जिवावर यायचं, म्हणून ती भगोणंभर शिजवायची. आम्ही दोघी भाकरीवाल्या. तो भात आमच्या घशाखाली उतरत नसे, त्यामुळे रोज ढीगभर उरायचा.

आणि अन्न टाकणं आमच्याकडे पाप. मग आईचं डोकं चालायचं. सकाळी शेंगदाणे घालून फोडणीचा भात. कधी भातात ज्वारीचं पीठ, मिरची आणि भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून थालीपीठ. चारला चण्याची डाळ वाटून त्यात भात कालवून वडे. सणासुदीला गूळ-विलायचीचा गोड भात. उन्हाळ्यात जिरं-तिखट घालून गच्चीवर सांडगे. तांदूळ तोच, पण बाबा बोटं चाटून खायचे. कॉलेजातून एसटीनं परतले की मीही वडे तळायला बसायची. काम थांबल्यापासून बाबा हसायचे ते तेवढ्याच वेळात. त्यांना नको कोण म्हणणार?

शिवाय आमच्या लेखी ते खाणं नव्हतंच. ते शिळं संपवणं होतं. डॉक्टर विचारत, "भात किती खातात?" आई सांगे, "एकच वाटी जी." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मग बाबांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. काळी पडली, वर चढत गेली. शेवटी दवाखान्यात भरती करून गुडघ्याखालून पाय काढावा लागला. तिसऱ्या दिवशी पथ्य सांगणाऱ्या बाई वही घेऊन आल्या. आई पाणी आणायला खाली गेली होती. "सकाळी उठल्यापासून हे काय काय खायचे, ते सांगा," बाई म्हणाल्या. मी सांगत गेले. फोडणीचा भात, मग जेवण, चारला वडे, कधी गोड भात. आपण काय केलं ते मला तेव्हा कळलं. बाबा छताकडे बघत सगळं ऐकत होते.

बाई गेल्यावर ते म्हणाले, "तुह्या मायले हे सांगू नोको. तिनं मायेनं केलं, न म्या मिटक्या मारत खाल्लं."

मला त्यांचा फार राग आला. अजून येतो. दीड वर्षानं ते गेले आणि हे ओझं माझ्या डोक्यावर ठेवून गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, "वाटीवर एक शीत जाऊ देल्लं नाही म्या, तरी पाय गेला." मी मान खाली घालून चहा द्यायची.

तेरवीनंतर पाहुणे पांगले. दुपारी आम्ही दोघीच होतो. आईनं विचारलं, "माह्यं काही चुकलं काय वं?"

मी "नाही" म्हटलं. जरा घाईनंच म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, पाहुण्यांसाठी केलेला उरलेला भात ताटात काढला आणि रस्त्यावरच्या गाईपुढे नेऊन ठेवला. आमच्या घरातलं अन्न असं बाहेर जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यानंतर तिनं वडे कधी केले नाहीत, आणि मीही कधी मागितले नाहीत.