आवाज बंद पडू नये म्हणून

माझ्या धाकट्या दिराची चिखलीत साउंड सिस्टिम आहे. लग्न, हळद, मिरवणूक, जिथे लोकांचे कान फोडायचे असतील तिथे हा हजर. एकदा अपडेटनंतर ऐन वरातीत लॅपटॉपचा आवाज गेला आणि वऱ्हाडाने याला घेरलं. तेव्हापासून याने अपडेट कायमचे बंद केले. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, हे घरात फक्त मोबाईल हँग झाला की आठवतं.

मग त्याच्या लॅपटॉपच्या ऑडिओ ड्रायव्हरमध्ये दोष निघाल्याची बातमी आली. ड्रायव्हर म्हणजे गाणं स्पीकरपर्यंत नेणारा प्रोग्राम. कंपनीतल्या दीडशहाण्यांनी तो लिहिला होता असा, की डबा केवढा आहे हे न बघताच गिरणीवाल्याने पीठ सोडावं. मुद्दाम बिघडवलेली फाइल वाजवली की जास्तीचा माल मेमरीत शेजारच्या जागेत सांडायचा आणि तिथून चोराचे हुकूम चालायचे. दुरुस्ती अपडेटमध्ये आली होती.

"भाऊजी, एवढं एक अपडेट करून घ्या," मी म्हणाले.

"वहिनी, गाणं वाजवल्यानं कुठं व्हायरस येते का? तुमचं पुस्तकातलं पुस्तकात राहू द्या."

पुढे नणंदेच्या मुलीची हळद आली. लग्नानंतर नंदोईंच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते. लेकीने हट्ट धरला, बाबांनी शेवटचं गावं आणि मामाने ते रेकॉर्ड करावं. मामाने माइक लावून फर्मावलं, "सगळ्यायनं मोबाईल बंद ठेवा. रेकॉर्डिंगात खरखर येते." सगळ्यांनी ऐकलं. नंदोई सुंदर गायले. ते खाली बसतात न बसतात तोच पाहुण्यांपैकी कुणीतरी दिलेला पेन ड्राइव्ह याने त्याच रेकॉर्डिंगच्या लॅपटॉपला खुपसला, कारण नाचायला गाणी हवी होती. सकाळी लॅपटॉपमधली एकही फाइल उघडेना. स्क्रीनवर खंडणीची धमकी तेवढी होती. दुसरी प्रत काढून ठेवण्याच्या अकलेची अपेक्षा याच्याकडून मी धरलीच नव्हती.

ऑपरेशननंतर आम्ही नंदोईंना भेटायला मेहकरला गेलो. लेक माहेरी आली होती. तिने गाणं मागितलं.

"ते उडालं, बाई," हा म्हणाला. "कोणाच्या तरी मोबाईलमधी असनच ना."

"तुम्हीच तं बंद करायले लावले होते, मामा."

हा माझ्याकडे बघून हसला. दोष कंपनीचा होता, असं मी सांगावं अशी त्याची अपेक्षा. नंदोई उठून बसले. त्यांचे ओठ हलले, ऐकू काहीच आलं नाही. त्यांना हासडायची होती ती शिवी मग मी हासडली, बाहेर गल्लीपर्यंत जाईल अशा आवाजात.