माझ्या बाजूचा चेंडू

मिलुटिन सोमवारी सकाळी वारला. मंगळवारी संध्याकाळी मी साहेबांशी टेनिस खेळलो.

मधल्या वेळात मी रजा मागितली होती. मिलुटिनचा भाऊ सर्बियाहून त्याच संध्याकाळच्या विमानाने येणार होता. त्याला इथे ओळखणारं कोणी नव्हतं. मॅनेजर म्हणाले, पाचला साहेबांचं कोर्ट बुक आहे, त्यांनाच विचार. साहेब बुटांच्या नाड्या बांधत होते. शेजारी त्यांचे पुण्याहून आलेले पाहुणे बसले होते.

साहेबांनी वर न बघता विचारलं, "तो गोरा तुझ्या नात्यातला होता का?"

"नाही, साहेब."

"मग?" ते पाहुण्यांकडे वळले. "यांच्या लोकांचं असंच असतं. कुणी जवळ बसवलं, की लगेच नातं." मग मला म्हणाले, "गेला ना तो? खलास. यल्ला, कोर्टवर ये."

पाहुणे हसले. मी चेंडूंचा डबा उघडला.

बहरीनमध्ये, रिफातल्या एका क्लबात मी मार्कर होतो. मार्कर म्हणजे मेंबरांशी खेळायला ठेवलेला पगारी माणूस. माझे वडील पुण्यात एका जिमखान्याची कोर्टं झाडायचे. तिथे चेंडू उचलता उचलता मी खेळायला शिकलो. मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालो. वाचायची सवय तेव्हाची. इथेही एक मेंबर गेला आणि दुसरा यायचा असला, की मी पुस्तक घेऊन बसायचो. साहेब म्हणायचे, "काय रे, बहरीनचा कलेक्टर होणार का?"

साहेब बँकेत मोठ्या हुद्द्यावर. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून खूश झाले होते.

"अरे वा, पुण्याचा? पुण्यात कुठे?"

"बोपोडी."

"मूळ गाव?"

सांगितलं.

"गावात कुठे?"

मी चेंडू उचलू लागलो.

"आडनाव काय?"

सांगितलं. "हं," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांची पाण्याची बाटली बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. मी एवढा समुद्र ओलांडून आलो होतो. आडनाव माझ्या आधी येऊन बसलं होतं.

मार्करच्या कामातली एक गोष्ट कुणी शिकवत नाही, ती आपोआप कळते. पंच नसला, तर आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं असतं. मेंबरचा चेंडू रेषेबाहेर पडला, की मार्कर म्हणतो, "गुड बॉल, सर." वीतभर बाहेर असो नाहीतर हातभर. माझे वडील वाकून झाडायचे. मी ताठ उभा राहून तेच करत होतो.

मिलुटिन मेंबरांच्या मुलांना शिकवायला आला. त्याआधी तो व्यावसायिक खेळाडू होता. लहानपणी त्याच्या शहरावर बॉम्ब पडत. भोंगा वाजत नसेल तेवढ्या वेळात तो शाळेच्या भिंतीवर चेंडू मारायचा. पुढे सगळं तरुणपण छोट्या स्पर्धांत गेलं. ट्युनिशिया, इजिप्त, तुर्कस्तान. हॉटेलांच्या मागची कोर्टं. बघायला माळी आणि समोरच्या खेळाडूची आई. रॅकेटच्या तारा तो स्वतःच ओढून बसवायचा. शर्ट बेसिनमध्ये धुवायचा. टीव्हीवर दिसते तशी मोठी स्पर्धा त्याच्यापासून एकदाच, एका सामन्यावर आली. त्या सामन्याच्या शेवटच्या सेटमध्ये पंचाने समोरच्याचा चेंडू बाहेर दिला. मिलुटिनने तो आत पडलेला पाहिला होता. त्याने तसं सांगितलं. गुण गेला, पाठोपाठ सामना गेला. त्याचा कोच त्याला मूर्ख म्हणाला आणि काही दिवसांनी सोडून गेला. नंतर खांदा गेला.

तरी त्याला परत जायचं होतं. एक पात्रता फेरी अजून खेळायची होती. म्हणून सकाळी, मेंबर यायच्या आधी, तो माझ्याबरोबर सराव करायचा. पहिल्याच सकाळी त्याचा फटका रेषेबाहेर गेला. सवयीने माझ्या तोंडून निघालं, "गुड बॉल, सर."

तो नेटपाशी आला. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालायचं.

"बाहेर होता," तो म्हणाला.

"थोडासाच."

"माझा चेंडू कुठे पडतो, ते मला कळायला हवं. तू खोटं सांगितलंस तर मी आंधळा होईन. मला मेंबर करू नकोस."

मी सॉरी म्हणालो.

"सॉरी नको. बोट वर कर. मोठ्याने सांग."

मला वेळ लागला. समोरच्या माणसाला, तुझं चुकलं, असं मी आयुष्यात कधी म्हटलंच नव्हतं. हळूहळू जमलं. त्याचे फटकेही रेषेच्या आत येऊ लागले. सराव संपला, की तो माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायचा. त्याला त्यात काही वाटत नसे. मला वाटायचं.

सोमवारी मआमीरजवळ त्याच्या गाडीला टँकरने धडक दिली.

मंगळवारी पहिला गेम मी नेहमीसारखा खेळलो. दुसऱ्या गेममध्ये साहेबांचा चेंडू बेसलाइनच्या मागे पडला. पाहुण्यांकडे बघत साहेब पुढच्या सर्व्हिससाठी वळलेही होते. गुण आपलाच, हे त्यांना ठाऊक होतं.

मी बोट वर केलं. "आउट."

"काय?"

"आउट, साहेब."

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

पुढचा चेंडू रेषेला लागला. मी 'इन' म्हणालो. त्यानंतरचा बाहेर गेला. मी पुन्हा बोट वर केलं.

साहेब नेटपाशी आले. पाहुण्यांना ऐकू जाऊ नये एवढा आवाज खाली आणला.

"तुझा व्हिसा कोणाचा आहे?"

"क्लबचा."

"क्लबच्या कमिटीवर कोण आहे?"

"तुम्ही."

"मग आता सांग. चेंडू कसा होता?"

"आउट."

साहेब पाहुण्यांना म्हणाले, "चला, उजेड गेलाय." कोर्टचे दिवे लागलेले होते.

बुधवारी मिलुटिनचा भाऊ त्याचा लॉकर रिकामा करायला आला. मिलुटिनबरोबर सराव करणारा मीच, हे कळल्यावर तो थांबला. मग म्हणाला, "तो फोनवर सांगायचा, इथे एक माणूस आहे. चेंडू बाहेर गेला, की बाहेर म्हणतो." एक रॅकेट त्याने माझ्या हातात दिली.

तो गेल्यावर मॅनेजरांनी मला बोलावलं. "सॉरी म्हण साहेबांना आणि संपव विषय."

"चेंडू आत असेल तर म्हणतो."

"अरे, प्रश्न चेंडूचा नाहीये."

"माझा तेवढाच आहे."

रात्री बायकोला फोन केला. ती बोपोडीला असते. मुलीची शाळा माझ्या पगारावर चालते. सगळं ऐकून घेतलं तिने.

"आता काढतील का?"

"करार पुढे वाढवणार नाहीत."

मग म्हणाली, "येताना मान खाली घालून येऊ नका म्हणजे झालं."

करार संपेपर्यंत मला कोर्टावर खेळायची मनाई आहे. मी कोर्टं झाडतो. साहेब आता नव्या मार्करशी खेळतात. तो केरळचा आहे, अजून मिसरूडही नीट फुटलेलं नाही. 'गुड बॉल, सर' मला कुंपणापर्यंत ऐकू येतं.

मिलुटिनची कारकीर्द कुठल्याच पुस्तकात येणार नाही. त्याची रॅकेट नईममधल्या माझ्या खोलीत खिळ्याला टांगली आहे. पुण्यात परतलो तरी मी मार्करचंच काम शोधणार, मला दुसरं येत नाही. पण माझ्या बाजूला पडलेला चेंडू मी सांगणार. बाहेर असेल तर बाहेर.