पहिल्या तासाला उपडी केलेली बादली

बायकोच्या थोरल्या बहिणीला मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा केळं खात होतो. साल खिडकीतून टाकली. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सालीबरोबर दोन डोंगर, एक नदी आणि पुढच्या सात पिढ्याही मीच भिरकावल्या असाव्यात. मी तीन मजले उतरलो, साल शोधून आणली आणि ती हातात धरूनच लग्नाची बोलणी केली.

ताई आमच्याच कॉलेजात एम.एस्सी.ला पर्यावरण व्यवस्थापन शिकवत. मी प्रवेशाच्या खिडकीवरचा कारकून. मुलं यायची ती झाडं लावायच्या, पक्षी मोजायच्या तयारीने. ताई पहिल्या तासाला विभागातली कचऱ्याची बादली टेबलावर उपडी करत आणि म्हणत, "घ्या, ओळख करून घ्या." दुपारपर्यंत निम्मी मुलं माझ्या खिडकीशी कागदपत्रं परत मागायला हजर.

एका वर्षी प्राचार्यांनी बजावलं, पहिल्या आठवड्यानंतर दहा विद्यार्थी उरले नाहीत तर कोर्स बंद. नावं नोंदली होती बाराच. मी ताईंची मनधरणी केली.

"या वर्षी तरी नुसते फोटो दाखवा. हिमनद्या वगैरे."

"हिमनदी त्यांच्या हातात नाही हो. बादली आहे."

"आणि कोर्स गेला म्हणजे?"

"मग तुम्ही मला केळी विकायला बसवा, जावईबापू."

पहिल्या तासाला मी आणि शिपाई दाराआड उभे. बादलीतून चहाचे कप पडले, पेन्सिलींचा भुसा पडला, आणि मग धपकन एक गठ्ठा. 'कागद वाचवा' अशी दोनशे पत्रकं, करकरीत, तारीख चुकलेली. वर्ग खो खो हसला. शिपायाने आपल्यावर बिल फाटणार म्हणून डोळे मिटले.

"तारीख मी चुकवली," ताई म्हणाल्या. "छपाईआधी तपासलीही नाही. पहिली नोंद माझ्या नावाने लिहा. कचरा बादलीत सुरू होत नाही, कुणाच्या तरी टेबलावर सुरू होतो. ते टेबल शोधायचं, हाच आपला विषय."

अकरा वाजता एक मुलगा नाव काढून गेला, बाराला दुसरा, नाकाला रुमाल लावून. उरले दहा. साडेबाराला एक मुलगी खिडकीशी आली आणि मी तिची कागदपत्रं काढायला कपाटाकडे वळलो.

"काका, प्रवेशअर्ज तीन प्रतींत का घेता?"

"पहिल्यापासून तसंच आहे."

"तिसरी प्रत जाते कुठे?"

वीस वर्षं मी त्या खुर्चीत होतो. तिने वाकून माझ्या पायाजवळच्या टोपलीत पाहिलं. "सापडली," म्हणाली आणि वहीत माझं टेबल लिहून घेतलं.

त्या आठवड्यात दहाही पोरं कॉलेजच्या टेबलाटेबलाशी ठाण मांडून होती. प्राचार्यांनाही सोडलं नाही. शनिवारच्या हजेरीत दहाच्या दहा होते; कोर्स वाचला. महिन्याभरात अर्ज एका प्रतीवर आला; जे काम तीन समित्यांना जमलं नव्हतं, ते एका बादलीने केलं. मी छाती फुगवून घरी सांगितलं, "तुझी बहीण म्हणजे काय चीज आहे!"

"तुम्हाला आत्ता कळलं?" बायको म्हणाली.

पुढच्या वर्षी अर्जच चार आले. कोर्स बंद झाला.