सोडून गेलेल्यांची यादी

ऑफिसात तिला सगळे अहवालताई म्हणत. दारू सोडवणाऱ्या त्या केंद्राचा वार्षिक अहवाल अठरा वर्षं तीच लिहायची, आणि तो दरवर्षी झकास यायचा. येणारच; प्रश्न फक्त शेवटपर्यंत टिकलेल्यांना विचारले जायचे. गुरुवारच्या बैठकीला सलग तीनदा कुणी आलं नाही की नाव कमी, विषय संपला.

यंदा नव्या साहेबांनी फर्मान काढलं: कार्यक्रमाचं नीट मूल्यमापन करायचं आणि त्याचे प्रश्न चॅटबॉटकडून काढून घ्यायचे. ताईने नाक मुरडतच सगळी माहिती टाइप केली. त्याने पंधरा प्रश्न दिले. बरे होते, हे तिलाही कबूल करावं लागलं. खाली मात्र त्याने उलट तिलाच विचारलं: मध्येच सोडून गेलेल्यांना तुम्ही काय विचारता?

"याला काय करायच्यात नसत्या चौकशा!" ती पुटपुटली. पण साहेबांना तो प्रश्न पटला. सोडून गेलेल्यांच्या घरी विचारायला चॅटबॉटकडून आणखी सहा प्रश्न घेतले आणि यादी काढली. चौथं नाव तिच्या धाकट्या भावाचं होतं. बहिणीने सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून तिसऱ्या गुरुवारीच तिने स्वतःच्या हाताने ते खोडलं होतं. रागाने घरीही मग तो विषय काढला नाही. मागच्या वर्षी दारूनेच तो गेला.

त्या घरी दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. ती स्वतः गेली. भावजयीने पाणी दिलं आणि समोर बसली. ताई एकेक करत पाचव्या प्रश्नावर आली. "येणं बंद केल्यावर केंद्रातून कुणी विचारपूस केली?"

"ताई, तुम्हाला माहीत नाही का?"

"तुझं उत्तर लागतं गं."

"नाही केली. दर गुरुवारी दाढी करून फोनजवळ बसायचे हे. म्हणायचे, आपणहून कुठल्या तोंडाने जाऊ? ताई बोलावेल."

ताईने 'नाही'वर पेन टेकवलं. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्याला तिने एक फोन केला नव्हता.

"पुढचं विचारा," भावजय हळूच म्हणाली.

सहावा प्रश्न तिच्या तोंडून निघेना. भावजयीने कागद आपल्याकडे ओढला आणि वाचला: पुन्हा बोलावलं असतं तर आले असते का? तिने ताईच्या हातातलं पेन घेतलं आणि 'हो'वर खूण केली.