नव्याची वाट

आमच्या घरात मान थोरल्या काकांचा आणि काम आईचं. बाबा या दोन्हींच्या मधे ओट्यावर बसून पान खात. पोलादपूरपासून चालत तासाभरावर आमचं गाव. दोन खाचरं भाताची, मागे परसात पपनसाचं एक झाड, थोड्या केळी, काकडीचा मांडव, गोठ्यात म्हैस आणि चार शेळ्या. एवढ्या जमिनीला दोन मालक जरा जास्तच होते.

काका मुंबईला गोदीत पहारेकरी होते. पोलादपूरला एसटीतून उतरून गावात शिरले की गोदी त्यांच्या बापाची असल्यासारखे चालत. एरवी त्यांना शेताची आठवण नसे. अश्विनात नव्याच्या दिवशी मात्र हटकून हजर. नवं म्हणजे शेतातल्या पहिल्या लोंब्या. घरातल्या थोरल्या पुरुषाने त्या पूजा करून कापायच्या, आंब्याच्या पानात कुरडूच्या फुलांबरोबर गुंडाळून दाराला, गोठ्याला, नांगराला बांधायच्या. ते होईपर्यंत शेतात विळा घालायचा नाही.

त्या वर्षी गावाचं नवं झालं आणि काका आलेच नाहीत. गावी येणाऱ्या कुणाबरोबर तरी निरोप आला, "मी आल्याशिवाय हात लावू नका." काकांच्या पाठीमागे बाबा त्यांना काय काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण निरोप आला आणि बाबा गप्प बसले. स्वतःचं डोकं वापरायचं नसलं की माणसाला थोरल्या भावाचा फार आदर वाटतो.

शेजाऱ्यांची भातं कापून झोडूनही झाली. आमचं उभंच. ऊन असं की दुपारी शेळ्यासुद्धा कुडाच्या सावलीतून हलत नसत. भात वाळून कडकडीत झालं, वारा आला की दाणे खाली झडायचे. सगळं रान मोकळं झाल्यामुळे पोपट तेवढे आमच्याकडे उतरत, आणि रानडुकरांनी वरच्या खाचराचा एक कोपरा पार लोळवला. आई रोज संध्याकाळी लोंब्या हातात घेऊन ओट्यापाशी यायची.

"झडतंय वो सगळं. वरीसभर पोरांना काय घालू?"

"दादा येईल ना," बाबा म्हणायचे, आणि थुंकायचे.

दादा आले. पायात बूट, हातात छत्री, तोंडात मुंबईची हिंदी. पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण होता, म्हणून आईची अंड्यावरची कोंबडी कापली. दुसऱ्या दिवशी दिवस बरा नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुंबईतल्या ओळखीच्यांसाठी पपनसं उतरवून घेतली, मोठी मोठी बघून. मोठ्यांची साल जाड निघते आणि आत काही नसतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही. त्या फळांना हात लावायला मुहूर्त लागला नव्हता. भाताला मात्र पोलादपूरच्या भटजींना विचारल्याशिवाय भागणार नव्हतं. म्हणून चौथ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ धुतलेली धोतरं नेसून मुहूर्त विचारायला निघाले. जाताना आंबेनळी घाटाच्या बाजूला काळं भरून आलेलं दोघांनीही पाहिलं. काका म्हणाले, "छत्री घेतो."

त्यांची पाठ वळली तशी आईने विळे घासले. "चल गो," मला म्हणाली. काम उरकून बसलेल्या दोन शेजारणी न बोलावता आल्या. आम्ही चौघी वाकून भराभर कापत होतो. मला भीती वाटत होती, देवाची कमी आणि काकांची जास्त. आईला कशाची वाटत होती ते दिसत होतं. ती दर थोड्या वेळाने घाटाकडे बघायची. शेवटचे भारे गोठ्यात पडले आणि पाऊस कोसळला. लपवायची गरजच नव्हती. त्या दोघांपैकी एकानेही आयुष्यात गोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं.

दोघे अंधार पडता पडता भिजून आले. मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा निघाला होता.

सकाळी काका विळ्याला हळदकुंकू लावून शेतावर निघाले, मागे बाबा नारळ घेऊन, मागे आम्ही. बांधावर पोचले आणि थांबले. दोन्ही खाचरांत नुसती धसकटं. फक्त बांधाकडच्या कोपऱ्यात मूठभर भात उभं होतं, पावसाने पडू नये म्हणून काठी रोवून गवताने बांधलेलं.

बाबांच्या हातातला नारळ तसाच राहिला. काका माझ्याकडे बघत होते. थोरल्या दिरासमोर आई कधी बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर दाराआडून, तेही माझ्या तोंडून. त्या दिवशी ती पदर सावरून पुढे आली.

"पोटाचं कापून झालं, भावजी. मानाचं तेवढं ठेवलंय. घ्या कापून."

मला वाटलं, आता विळा फेकतील, आईच्या अंगावर येतील, निदान मान तरी खाली घालतील. काकांनी बूट काढले, खाली बसले, त्या मूठभर भाताची साग्रसंगीत पूजा केली आणि ते कापलं. मग घरी येऊन, पाटावर उभे राहून, ते दाराला बांधता बांधता बाबांना म्हणाले, "माज्यासाठी थांबलास, बरं केलंस."

"तर काय," बाबा म्हणाले.